फ्लॅट विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र लागतं का?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. डोंबिवली पूर्वेचा एक श्रोता आहे. त्याला वन बीएचके विकून घोडबंदर रोडला जायचंय. त्याचा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तो म्हणाला, "आमच्याकडे एनर्जी सर्टिफिकेट नसेल तर घराची जाहिरातसुद्धा टाकता येत नाही. तुमच्याकडे कुठून काढतात?" आणि हा गडबडला. एजंटला विचारलं, तर एजंट म्हणाला, "साहेब, लाइट बिल भरलंय ना? बस झालं."

तर उत्तर आधीच देऊन टाकतो. महाराष्ट्रात जुना फ्लॅट विकायला किंवा भाड्याने द्यायला असं कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. सब-रजिस्ट्रार ऑफिसात कुणी मागत नाही, सोसायटी मागत नाही, बँकही होम लोनच्या फाइलला ते लावायला सांगत नाही. तुम्हाला कुणी "काढून देतो, पाच हजार होतील" म्हणालं, तर पैसे देऊ नका.

मग भाग इथेच संपला का? नाही. कारण त्या प्रमाणपत्रामागचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. घर घेतल्यावर किंवा भाड्याने घेतल्यावर दर महिन्याला ते घर तुमच्याकडून किती वीज खाणार? टॉप फ्लोअरचा वन बीएचके आणि त्याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, दोन्हींचा कार्पेट एरिया सारखाच असतो. एजंट तर टॉप फ्लोअर "हवेशीर, वर कुणी नाही" म्हणून विकतो. आणि एप्रिल-मे आला की कळतं, वर कुणी नाही म्हणजे वर थेट सूर्य आहे.

आधी तो इंग्लंडचा कागद काय असतो ते बघू. युरोपात २००२ साली एक निर्देश निघाला, की इमारत बांधताना, विकताना किंवा भाड्याने देताना तिच्या ऊर्जेच्या कामगिरीचा दाखला हवा. इंग्लंडमध्ये तो २००७ पासून टप्प्याटप्प्याने आला, भाड्याच्या घरांना २००८ पासून. ए ते जी अशा श्रेणी, ए सर्वांत चांगली. दाखला १० वर्षं चालतो. पुढे २०१८ पासून त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं: काही अपवाद सोडले तर ई श्रेणीच्या खालचं घर नव्याने भाड्याने देताच येत नाही. म्हणजे घरमालकाला आधी खर्च करावा लागतो, मग भाडं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. तो दाखला तुमचं बिल बघून देत नाहीत. भिंती कसल्या, छप्पर कसलं, काचा कसल्या, पाणी कशावर तापतं, हे बघून गणित करतात आणि तिथे कुणीतरी सरासरी माणूस राहतो असं धरतात. बिल माणसाचं मोजमाप करतं, दाखला भिंतींचं. हा फरक आपल्याला पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे काय आहे? फ्रिजवरचा तो स्टारवाला स्टिकर सगळ्यांना माहीत आहे. तो देणारी संस्था म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, थोडक्यात बीईई, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाखालची. याच बीईईने १४ डिसेंबर २०१८ ला 'इको निवास संहिता' नावाचा नियमसंच आणला, खास राहत्या घरांसाठी. त्यानंतर घरांना फ्रिजसारखेच एक ते पाच स्टार द्यायची योजनाही सुरू झाली. एका चौरस मीटरला वर्षाला किती युनिट लागतील, यावर ते स्टार ठरतात. पण ही योजना ऐच्छिक आहे. बिल्डरला वाटलं तर त्याने घ्यायचे. मी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रिसेलच्या जाहिराती बऱ्याच चाळल्या. त्यात मॉड्युलर किचन असतं, व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, "स्टेशनपासून सात मिनिटं" असतं. घराचे स्टार मला एकाही जाहिरातीत दिसले नाहीत.

२०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. उंबरठा आहे १०० किलोवॅट जोडभाराचा, म्हणजे इमारतीला मंजूर असलेली एकूण वीज. डोंबिवलीतली १६ फ्लॅटची चार मजली बिल्डिंग घ्या. फ्लॅटमागे चार किलोवॅट धरले तरी ६४ होतात. म्हणजे तशी बिल्डिंग उद्या नव्याने बांधली तरी त्यात बसणार नाही. शिवाय हे नियम नव्या बांधकामाचे आहेत. १९९० च्या दशकातली तुमची सोसायटी यात कुठेच येत नाही.

नव्या टॉवरमध्ये घर घेणाऱ्यांना मात्र एक वेगळा कागद दाखवला जातो: ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग. आयजीबीसीचं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, किंवा 'गृह'चे स्टार. हे खोटं नसतं, पण ते का घेतलं जातं तेही माहीत हवं. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात जी एकत्रित विकास नियमावली लागू झाली, तिच्यात ग्रीन रेटिंगला जादा एफएसआय मिळतो, रेटिंगनुसार मूळ एफएसआयच्या ३, ५ किंवा ७ टक्के. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही त्यात येतात. बिल्डरला फायदा होतो यात वाईट काही नाही. पण त्या रेटिंगमध्ये पावसाचं पाणी साठवणं, झाडं, कचरा, बांधकामाचं साहित्य या सगळ्याचे गुण असतात. तुमची पश्चिमेची बेडरूम मे महिन्यात किती तापते, एवढंच ते सांगत नाही.

दुसरं म्हणजे, ब्रोशरवर बऱ्याचदा 'प्री-सर्टिफाइड' लिहिलेलं असतं. म्हणजे नकाशे बघून दिलेलं. बांधून झाल्यावरचं अंतिम रेटिंग वेगळं असतं. सेल्स ऑफिसात बसलेल्या मुलाला सरळ विचारा, "हे प्री आहे की फायनल? फायनल असेल तर तारीख दाखवा." आणि नाव, क्रमांक घेऊन देणाऱ्या संस्थेच्या साइटवर स्वतः तपासा.

कागद स्वतः तपासा, हे डोंबिवलीकरांना मी वेगळं सांगायला नको. ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले, लोकांनी क्रमांक बघून आयुष्याची बचत टाकली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचे आदेश दिले. क्रमांक खरा होता, त्याच्या पोटातला कागद खोटा होता. तेव्हा ऊर्जेचं वगैरे नंतर. आधी बांधकाम परवानगी आणि ओसी महापालिकेकडूनच खात्री करून घ्या.

बरं. दाखला मिळत नाही, तर आपण काय करायचं? माझं म्हणणं असं आहे, की तुमच्या हातात दाखल्याच्या निम्म्याहून जास्त माहिती आहे आणि ती फुकट आहे. महावितरणचं बिल.

घर बघायला गेलात की मालकाला म्हणा, "काका, मागच्या वर्षभराची लाइट बिलं बघायला मिळतील का?" वाईट वाटायचं काही कारण नाही. गाडी घेताना सर्व्हिस रेकॉर्ड मागतोच की. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, आणि मालकाकडे १२ अंकी ग्राहक क्रमांक असेल तर जुनी बिलं त्यांच्या साइटवर किंवा ॲपवर त्यालाच उघडून दाखवता येतात. (कळवा, मुंब्रा, शीळ भागात २०२० पासून वितरण टोरंट पॉवरकडे आहे, तिथे त्यांचं बिल बघा.)

बिलातला रुपयांचा आकडा बघू नका, युनिट बघा. आणि वर्षाची बेरीज बघण्याआधी आकार बघा. समजा दोन घरं आहेत. पहिल्या घराचं जानेवारीत ९० युनिट, मेमध्ये ३१०. दुसऱ्याचं जानेवारीत १४०, मेमध्ये २१०. पहिल्या नजरेला दुसरं घर जानेवारीत जास्त खातंय. पण ते माणसांचं आहे: गीझर, वॉशिंग मशीन, वर्क फ्रॉम होम, घरात जास्त माणसं. उन्हाळ्याची वाढ बघा. पहिल्या घरात २२० युनिटची, दुसऱ्यात ७० ची. ती वाढ मुख्यतः घर थंड करण्याची आहे. पहिलं घर तापतं, किंवा त्याचा एसी जुना आहे, किंवा दोन्ही. आता पुढचा प्रश्न विचारायला तुमच्याकडे कारण आहे.

इथे एक मराठी अडचण आहे. मे महिन्यात आपण गावाला जातो! मालक पंधरा-वीस दिवस कोकणात असेल तर मेचं बिल एकदम गोंडस दिसणार. अशा वेळी एप्रिल आणि ऑक्टोबर बघा. ऑक्टोबर हीटमध्ये सहसा सगळे घरीच असतात. बिलावरचे रीडिंगचे दिनांकही बघा, कारण मेच्या बिलात बऱ्याचदा अर्धा एप्रिल असतो. आणि रीडिंग न घेता सरासरीने दिलेलं बिल असेल तर ते बाजूला ठेवा.

त्या २२० युनिटचे पैसे किती? महावितरणचे घरगुती टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. दर बदलत राहतात, म्हणून आकडा सांगत नाही, ताज्या बिलावर बघा. पण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो आणि तिसरा त्याहून चढा. एक गैरसमज इथेच मिटवू: ३०१ वं युनिट पडलं म्हणून आधीची ३०० युनिट महाग होत नाहीत. फक्त वरची युनिट वरच्या दराने लागतात. तरी एसीची युनिट नेमकी सगळ्यात वर जाऊन बसतात, म्हणजे तुमच्या सगळ्यात महाग दराने. तापणारं घर म्हणूनच अंगावर येतं. भाडं महिना पाचशेने कमी म्हणून टॉप फ्लोअर घेतलं आणि उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत तो फरक बिलात गेला, असं सहज होऊ शकतं.

आता भिंतींकडे. इको निवास संहिता तुमच्या जुन्या बिल्डिंगला लागू नाही, पण तिचे निकष मोजपट्टी म्हणून वापरायला कुणाची बंदी नाही. मला त्यातला खिडक्यांचा नियम सगळ्यात आवडतो. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानात कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश एवढं क्षेत्र बाहेरच्या हवेला उघडणारं पाहिजे. खिडकीचा आकार नाही, उघडणारं क्षेत्र. दोन पट्ट्यांची स्लायडिंग खिडकी फक्त अर्धी उघडते, म्हणून अर्धीच मोजायची. दारासारख्या पाखांची जुनी खिडकी जवळजवळ पूर्ण, ९० टक्के मोजतात.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. ४०० चौरस फुटांचा वन बीएचके. एक षष्ठांश म्हणजे साधारण ६७ चौरस फूट. हॉलची आणि बेडरूमची स्लायडिंग खिडकी प्रत्येकी पाच बाय चार, म्हणजे २० फूट, उघडणार १०-१०. किचनची चार बाय चार, उघडणार ८. बाल्कनीचं स्लायडिंग दार सात बाय पाच, उघडणार साडेसतरा. बेरीज साडेपंचेचाळीस. म्हणजे ठीकठाक दिसणारं घरसुद्धा नापास. खरं तर संहितेत ही बेरीज पूर्ण इमारतीची करतात, पण एका घराचा अंदाज यायला हे पुरतं.

आणि त्या बाल्कनीचं काय होतं आपल्याकडे? बंद! काचा लावून हॉल मोठा केला जातो. बाल्कनीचं दार मोजात धरायचं ते बाल्कनी उघडी असली तरच. बंद केली की तुमच्या साडेसतरा फुटांचा हिशोब त्या नव्या काचा किती उघडतात त्यावर जातो, आणि शिवाय दाराला जी सावली मिळत होती ती जाऊन काच उन्हात येते. जाहिरातीत "बाल्कनी इन्क्लुडेड इन हॉल" वाचलं की मला तर आता थेट गरम हवाच जाणवते.

टॉप फ्लोअरचं वेगळं. संहितेत छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिली आहे, आणि उघडा काँक्रीटचा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळपासही बसत नाही. म्हणून टॉप फ्लोअर बघताना फ्लॅटआधी टेरेस बघा. वर चायना मोझॅकचे पांढरे तुकडे आहेत का? पांढरा कूल रूफ पेंट? की डांबराचा काळा थर? गळती थांबवायला अनेक सोसायट्यांनी पत्र्याची शेड टाकली आहे. ती दिसायला कशीही असो, स्लॅबवर सावली पडते हे खरं. (ती परवानगी घेऊन टाकली आहे का, हे सेक्रेटरीला विचारा.)

घर बघायची वेळही सांगतो. एजंट रविवारी सकाळी अकराला नेतो. तेव्हा सगळीच घरं छान. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी आत सोडतो. तुम्ही सात-आठ वाजता जा, पंखा बंद करायला सांगा आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. किनाऱ्यापासून आत असल्यामुळे कल्याण-डोंबिवलीत समुद्राचं वारं मुंबईपेक्षा उशिरा आणि कमी पोचतं, त्यामुळे इथे ही परीक्षा जास्त खरी ठरते.

आता भाडेकरूंसाठी, कारण तुमच्यातले बरेच जण तेच आहात. भाड्याच्या घरात एक जुनी गोम आहे. एसी, पंखे, गीझर मालक विकत घेतो आणि बिल तुम्ही भरता. मग तो महागडा चांगला एसी का घेईल? इंग्लंडने किमान श्रेणीचा कायदा केला तो याच कारणासाठी. आपल्याकडे कायदा नाही, म्हणून बोलणी करावी लागतात, आणि ती टोकन देण्याआधीच. नंतर कुणी ऐकत नाही.

पंख्याचं गणित तोंडपाठ करा. जुना पंखा साधारण ७५ वॅट, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. फरक ४५ वॅट. रोज १२ तास चालला तर ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटमध्ये एका पंख्यामागे १७८ युनिट वाचतात. तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या दराने गुणा आणि पंख्याच्या किमतीशी ताडून बघा. मालक नाही म्हणाला तर स्वतः घ्या आणि जाताना काढून न्या. फक्त तसं ॲग्रीमेंटच्या सामानाच्या यादीत लिहून ठेवा, म्हणजे डिपॉझिट परत घेताना "आमचा पंखा कुठे गेला" होणार नाही. जुना पंखा मालकाला सांभाळायला द्या.

एसीच्या स्टिकरवर स्टारसोबत वर्ष वाचा. निकष वेळोवेळी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये झाले तेव्हा आधीचा फाइव्ह स्टार नव्या मोजणीत साधारण फोर स्टारवर आला. त्यामुळे "फाइव्ह स्टार एसी आहे" हे वाक्य वर्षाशिवाय अर्धवट आहे.

विकणाऱ्यांसाठी शेवटचं, म्हणजे आपल्या डोंबिवलीच्या मित्रासाठी. तुझं घर मधल्या मजल्यावर असेल, दोन बाजूंनी वारं येत असेल, तर ती गोष्ट बोलून विकू नकोस, दाखव. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर लिही, घरात किती माणसं आणि किती एसी ते लिही, खिडक्या कुठल्या दिशेला ते लिही. सोसायटीने टेरेसवर सोलर बसवलं असेल तर कॉमन लाइट, लिफ्ट आणि पंपाचं बिल किती उतरलं तेही सेक्रेटरीकडून घे, कारण ते मेंटेनन्समध्ये दिसतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. अजून बसवलं नसेल तर पुढच्या सभेत विषय काढायला हरकत नाही. टेरेसवर जुना सोलर वॉटर हीटर असेल तर तो चालू आहे का ते आधी बघ, मग जाहिरातीत लिही.

आणि घोडबंदरला घर घेशील तेव्हा समोरच्याकडून हाच कागद माग. सोबत शेवटचं भरलेलं बिल आणि थकबाकी शून्य असल्याची खात्रीही कर, कारण जुन्या मालकाची वीज थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. मीटर नावावर करून घ्यायचं काम ताबा मिळाला की त्याच आठवड्यात उरक.

तुमच्या घराचे जानेवारी आणि एप्रिलचे युनिट, मजला आणि खिडक्यांची दिशा आम्हाला व्हॉइस मेसेज करून पाठवा. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक पाठवू नका. पुरेसे मेसेज आले तर एका भागात ते सगळे शेजारी शेजारी ठेवून बघू.